इलोनाला लिहिलेलं दुसरं पत्र

माननीय अध्यक्ष श्यामकांतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती वनमालाबाई, आणि रविवारची झोप मोडून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मी अनुपमा, मरोळच्या एका कारखान्यात टायपिस्ट आहे. अंधेरीच्या या शाळेत बाईंनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि गेली सहा वर्षं दर रविवारी आम्हाला एस्पेरान्तो. कुठल्याच एका देशाची नसलेली, जगाने शिकून बोलायची भाषा. आता बाई कायमच्या सावंतवाडीला निघाल्यात. त्यांचा गौरव अध्यक्ष करतीलच. मी माझी एक चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी हंगेरीतल्या माझ्या पत्रमैत्रिणीचा, इलोनाचा, नवरा अपघातात गेला. मी लगेच पत्र लिहिलं. इंग्रजीत अशा वेळी ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात ना? ते मी जसंच्या तसं उचललं: ‘पार्दोनू मिन’. म्हणजे, मला क्षमा कर! महिन्याभराने उत्तर आलं. ‘तुझं पत्र चारदा वाचलं. क्षमा कशाची? तू काय केलंस?’

नवरा गेलेल्या बाईला मी हे कोडं घातलं होतं. मी बाईंना म्हटलं, “मला नाही जमायचं. मी वर्ग सोडते.”

“सोड. पण आधी तिला उत्तर लिही. बस इथे.”

“काय लिहू?”

“इंग्रजी बाजूला ठेव गो. तुला काय वाटतं ते मराठीत सांग.”

“मला रडू येतं, बाई. ती एकटी नाही, एवढंच सांगायचंय.”

“मग तेच लिही की!”

चार मसुदे बाईंनी फाडले. पाचव्यात उतरलं: ‘मी फुनेब्रास कुन वी.’ तुझ्याबरोबर मीही शोक करते आहे. (आपला ‘मी’ तिथेही ‘मी’च, तेवढं एक सोपं!) इलोनाने कळवलं, ‘सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. अपघातानंतर आम्ही दोघी प्रथमच एकत्र रडलो.’

मी वर्ग सोडला नाही. बाईंनी इंग्रजी वाक्प्रचारांची वही सुरू केली. नियम एकच: अर्थ आधी मराठीत सांगायचा, मगच एस्पेरान्तोत लिहायचं. इंग्रजीत पाय ओढला की थट्टा होते, आपल्याकडे काय होतं ते ऑफिसात जाणाऱ्यांना विचारा! तेव्हा लिहायचं सरळ ‘शेर्त्सास’, थट्टा करतो. आमचा नंदू एकदा वैतागला, “बाई, आहे तसं लिहूया ना, चालतंय यार!” बाई म्हणाल्या, “तुला चालतं रे. वाचणाऱ्याला कळेल का?”

वहीत चारशे बारा वाक्प्रचार झालेत. बाई गेल्यावर वर्ग बंद करावा, असं काहींनी सुचवलं. का म्हणून? मी मुख्याध्यापकांना भेटले, खोली मिळाली आहे. शिकवताना माझं चुकेल. बाई, मी दर महिन्याला पानं पाठवीन, लाल शाईने परत करा.

शाळेचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि पुढच्या रविवारी बरोबर नऊला या. चारशे तेरावा घ्यायचा आहे.