कपाटाची जागा

वकिलाच्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली, आपल्या कामासाठी आलेल्या एक शिंपीणबाई पेंगत होत्या. शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं त्यांच्या कानात स्वप्नासारखं झिरपत होतं.

“आपल्या घराखालच्या जमिनीचा भाडेपट्टा संपत आलाय. वाढवायच्या भानगडीत कशाला पडायचं? लेकाजवळ नवा फ्लॅट घेऊ. भरपूर उजेड आहे तिथे.”

“उजेडाचं मला काय कौतुक आता!”

“अगं, डॉक्टर म्हणालेत, नजर हळूहळू जाईल. लगेच नाही.”

“म्हणूनच तर आत्तापासून सराव करतेय.”

“कसला?”

“दुपारी डोळे मिटून घरभर हिंडते. भिंतीला हात लावला की स्वयंपाकघर आपणहून जवळ येतं. खिडकीशी ऊन गालाला लागतं.”

“मला वाटायचं, तू झोपेत चालतेस! म्हणून हाक मारत नव्हतो.”

“बरं केलंत. छान वाटतं तसं हिंडायला.”

“मग परवा मी कपाट सरकवलं, तेव्हा काही बोलली नाहीस ती?”

“तुम्ही एवढ्या हौसेनं सरकवलंत. गुडघ्याला कळलं माझ्या.”

आतून कारकुनाने विचारलं, “भाडेपट्ट्याचं काय ठरलं? वाढवायचाय की सोडायचाय?”

म्हातारबुवा उठले. “वाढवायचाय. जेवढा वाढेल तेवढा.”

मग बायकोचा हात धरून हळूच म्हणाले, “घरी गेल्या गेल्या आधी कपाट जागेवर.”