ताब्यात घेणाऱ्याचे नाव

अध्यक्षस्थानी बसलेल्या आदरणीय न्यायाधीशबाई, व्यासपीठावरील मान्यवर, वकील मंडळी, न्यायालयातील बंधुभगिनींनो, आणि ज्यांना निरोप देणं आज सगळ्यांच्याच जिवावर आलंय ते आपले शिरस्तेदार, ऊर्फ रकानेसाहेब! दचकू नका साहेब. हे नाव तुमच्या पाठीमागे कित्येक वर्षं चालू आहे, आज फक्त तोंडावर घेतलं.

मी काही कायद्याची माणूस नाही. कोर्टासमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे, इथल्या निम्म्या काळ्या कोटांची बटणं माझ्या हातची. मग बोलायला मला का उभं केलं? तर बावीस वर्षांपूर्वी मी याच इमारतीत सुटले, आणि सुटले ती एका रकान्यामुळे.

साहेबांनी कधी रकाना रिकामा सोडलाय? 'लागू नाही' लिहितील, आडवी रेघ मारतील, पण मोकळा ठेवणार नाहीत. वहिनी सांगत होत्या, वाणसामानाच्या यादीवरही हे शेरा मारतात. वहिनी, आता दिवसभर घरी आहेत हो!

तेव्हा मी वीस वर्षांची होते. आईवडील नव्हते, काकांकडे राहायचे. त्यांनी ठरवलेलं लग्न मी नाकारलं, तर त्यांनी मला माडीवरच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. अकरा दिवस. काकू दाराच्या फटीतून म्हणायची, "अगं, हो म्हण, म्हणजे सुटशील." घ्या! याला सुटका म्हणायचं?

शिवणवर्गातली माझी मैत्रीण घाबरत घाबरत इथे आली. बेकायदा डांबून ठेवलेल्या बाईला, मुलीला शोधून आणून मोकळं करण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात, हे तिला साहेबांनी सांगितलं आणि शपथेवर अर्ज लिहून घेतला. हाताशी असलेला झडतीचा छापील फॉर्म मात्र चोरीच्या मालाचा होता. साहेबांनी 'वस्तू' खोडून 'व्यक्ती' केलं आणि विचारलं, "ओळखीची खूण?"

मैत्रीण म्हणाली, "फार बोलते."

साहेबांनी तेही लिहिलं. खोटं नव्हतं, हे आज तुम्हाला पटलंच असेल.

दुसऱ्याच दिवशी पोलीसबाईंनी कुलूप उघडायला लावलं आणि मला इथे आणलं. आजच्या अध्यक्षबाई तेव्हा इथे दंडाधिकारी होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. वय काय, आणि काकांकडे राहायचंय का. मी म्हटलं, "वीस पूर्ण. आणि नाही."

"सोडा हिला," बाई म्हणाल्या. संपलं? छे! शेवटचा रकाना राहिला होता ना. 'ताब्यात घेणाऱ्याचे नाव.'

काका पेन काढून पुढे सरसावले. "द्या, मी करतो सही. घरचीच पोर आहे."

"तुमच्याकडूनच तर सोडवून आणली. सरका," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हं, तुमच्याकडून कोण आलंय?"

मैत्रीण कामावर गेलेली. कुणाचं नाव सांगितलं नाही, तर पुन्हा तीच माडी. मी रडतच म्हटलं, "माझं कुणीच नाही आलं हो."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे? तुम्ही आलाय ना?"

आणि लिहिलं, 'स्वतः.' बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. सज्ञान आहे ती."

"इथे सही करा," साहेब म्हणाले. "मिळाल्याची पोच."

मी मला मिळाले हो! पायऱ्या उतरताना असा आनंद झाला, की चपला आत राहिल्याचं चौकात गेल्यावर कळलं. परत आले, तर साहेब म्हणतात, "यांची वेगळी पोच लागेल."

साहेब, आज मीही एक फॉर्म आणलाय. 'पस्तीस वर्षं कार्यालयाच्या ताब्यात असलेली व्यक्ती आज मोकळी करण्यात येत आहे. ओळखीची खूण: फार कमी बोलते.' शेवटचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. वहिनींनी पर्समधून पेन काढलेलं मला दिसतंय! त्यांना 'सरका' म्हणायची माझी छाती नाही. पण रकाना तुम्हीच भरायचा.

अध्यक्षबाईंनी आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात एखादा रकाना चुकीचा भरला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

हं, साहेब. इथे सही करा. मिळाल्याची पोच.