अवंतीला बघणे

नाही, पण मी काय म्हणतो, शोधायचं तर आधी नाव ठाऊक हवं ना? आणि नाव ठाऊक असतं तर शोधलं कशाला असतं, सरळ हाक नसती मारली? पण हे आमच्या अवंतीला कोण सांगणार! एकुलती एक मुलगी, बंगळुरूला नोकरी. दिवाळीला बडोद्याला आली, पोटभर झोपली, पोटभर शेव-उसळ खाल्ली, आणि जाता जाता माझा लॅपटॉप आवरून गेली. आवरून! म्हणाली, "नाना, केवढा हा पसारा पडद्यावर! मी सगळी चित्रं काढून टाकलीत. आता ती खिडकीची कळ दाबायची, नाव टाइप करायचं, की प्रोग्राम हजर!"

तुम्हाला सांगतो, तो पसारा नव्हता हो, तो संसार होता! उजव्या कोपऱ्यात पत्ते, त्याखाली लाईट बिल, त्याच्या शेजारी भजनं... डोळे मिटून बोट जायचं. आणि नावं सगळी मी दिलेली! चित्राचं नाव बदलता येतं हे मला एकदा कळलं आणि मग काय विचारता, मी सगळ्यांचं बारसंच उरकलं. कारण आमच्याकडे खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारतच नाही. जुनं संस्थानाच्या फौजेतलं घराणं. मी जयसिंगराव, पण घरात नाना. धाकटा भाऊ नातवंडं खेळवतो, तरी तो बाळच. एक आत्या होत्या, त्यांना सगळे जीजी म्हणायचे. त्या गेल्या तेव्हा पेपरात खऱ्या नावानं बातमी दिली, तर आमचे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ हो, चहा पिता पिता विचारतात, "ही कोण रे गेली आपल्यातली?"

तर त्याच चालीवर, ज्या प्रोग्राममधून आम्ही दर रविवारी मुलीशी समोरासमोर बोलायचो, त्याचं नाव मी ठेवलं होतं 'अवंतीला बघणे'. आता यात काय चुकलं? त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव अवंतीनं मला जाताना सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं. म्हणजे ऐकलं नव्हतं.

आणि ती गेल्यानंतरच्या पहिल्याच, म्हणजे परवाच्या रविवारी संध्याकाळी पाचला काय होतं? व्याह्यांची भेट! अवंतीनं मुलगा स्वतःच पसंत केलेला, यशराज नाव, तिच्याच ऑफिसात. त्याचे आईवडील साताऱ्याला, आम्ही इथे बडोद्यात तरसालीत, ही दोघं बंगळुरूला, तेव्हा सगळ्यांनी पडद्यावर भेटायचं. त्यात मी आधीच फोनवर ताठपणे बोलून बसलेलो, की मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. त्यावर पोरगी हळूच म्हणाली, "नाना, पाचला तुम्ही दिसला नाहीत ना, तर मी समजेन की तुमचं नाही आहे." तुम्हाला सांगतो, तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

पावणेपाचला मी फेटा बांधून तयार! मागे भिंतीवर आजोबांची तलवार दिसेल असं टेबल सरकवलेलं. कळ दाबली. टाइप केलं, 'अवंतीला बघणे'. त्या शोधणाऱ्यानं क्षणभर विचार केला आणि मला दाखवलं काय? अवंती साडी सेंटर! अवंती फरसाण! आणि त्याखाली... अवंती नावाच्या लग्नाच्या मुलींची स्थळं! अरे, मी माझ्या मुलीचं जमवायला बसलोय आणि तू मला भलत्या मुली काय दाखवतोस? शेजारच्या कपाटातली वस्तू मागितली तर हा बाजारात जाऊन आला! घरातलं सापडेना आणि गावभर हिंडून येतो!

आमची संयोगिता दारात उभी. "अहो, माझ्या मोबाईलवरून करू का?"

"मोबाईलवरून? व्याह्यांना? एवढ्याशा चौकटीत आपण मावणार आहोत का? तू आत जाऊन तयार हो, आणि कृपा करून मध्ये बोलू नकोस."

बाई गेली बिचारी. मग मी जरा विनयानं घेतलं. म्हटलं, आपण एकदम आज्ञा दिली, राग आला असेल. टाइप केलं, 'कृपया मुलीशी बोलायचं ते उघडा'. तर मुलीशी बोलायचं कसं यावर लेख! 'वयात येणाऱ्या मुलींशी संवाद.' अरे, तिशीला आली ती! घरातलं सापडेना आणि गावभर हिंडून येतो! मी ओरडलोच, "अरे, कुठे गेलं, कुठे गेलं?" तर खालच्या मजल्यावरचे पंकजभाई, काय हरवलं म्हणून, गॅलरीतून विचारतात, "शुं खोवाणुं, जयसिंगभाई?" मी म्हटलं, "अवंतीला बघणे!" त्यांना वाटलं अवंतीच हरवली. "हें? पोलीसमां लखाव्युं?" आता त्यांना समजावू की ह्याला?

शेवटी सुचलं, कॅमेरा! 'कॅमेरा' टाइप केलं मात्र, आणि पडदा उजळला की हो! पडद्यावर एक फेटेवाले गृहस्थ. माझा चष्मा काढलेला, फोटोत चमकतो म्हणून. मी वाकून नमस्कार केला. त्यांनीही तत्काळ वाकून केला. मनात म्हटलं, वा! घराणं चांगलं दिसतंय, माणूस भारदस्त आहे, रीतभात आहे... आणि व्याह्यांच्या मागे भिंतीवर तलवार! आमच्यासारखीच! अगदी तश्शीच... मग चष्मा लावला. काय बोलायचं आता? घरातलं सापडेना म्हणता म्हणता हा निघाला तो थेट मलाच धरून आला.

घड्याळात बघतो तर पाच वाजून गेलेले. तिकडे पोर माझी रिकामी चौकट बघत असेल, म्हणत असेल, नानांचं नाहीच आहे. तिला फोन लावावा, तर व्याह्यांच्या देखत फोन वाजणार, आणि मुलीच्या बापाला एक प्रोग्राम उघडता येत नाही हे साऱ्या साताऱ्याला कळणार!

इतक्यात माझाच मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"जयसिंगराव का? मी भास्करराव बोलतोय, साताऱ्याहून. यशराजचा बाप."

मी उभाच राहिलो. म्हटलं, संपलं.

"माफ करा हं, उशीर झाला. काय आहे, आमच्या पोरानं माझा कॉम्प्युटर साफ केलाय..."

काय सांगू तुम्हाला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "भास्करराव, तुमचं कुठे होतं?" म्हणाले, "खालच्या ओळीत, डावीकडं! न बघता बोट जायचं!" म्हटलं, "आणि आता?" म्हणाले, "आता कायबी विचारा, दुकानं दाखवतंय! घरातलं सापडंना आन् गावभर हिंडून येतंय!" अहो, माझंच वाक्य! शब्दाला शब्द! असला माणूस व्याही म्हणून मिळायला भाग्य लागतं. मग आम्ही दोघं फोन कानाला लावून, तिकडून ते एक टाइप करतायत, इकडून मी एक टाइप करतोय, "तुमच्याकडे काय आलं?" "हवामान! तुमच्याकडं?" "गणकयंत्र!" असा जो काही रंग भरला...

आणि आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज.

दार ढकललं. पलंगावर संयोगिता, जरीची साडी, नथ, समोर उशीला टेकवलेला मोबाईल. त्यात अवंती, यशराज, आणि साताऱ्याच्या विहीणबाई. साखरपुडा बडोद्याला, लग्न साताऱ्याला, जेवणात श्रीखंड की बासुंदी इथपर्यंत मजल गेलेली!

"अगं, मला हाक नाही मारायची?"

"तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलू नकोस म्हणून."

मोबाईलमधून अवंती म्हणाली, "नाना, तुमचं हो आहे ना?" मी म्हटलं, "हो गं बाई, हो, शंभरदा हो!" हातातल्या फोनमधून भास्करराव ओरडतायत, "जयसिंगराव, सापडलं काय?" म्हटलं, "सापडलं. तुमच्याही आतल्या खोलीत बघून या."

नंतर मी संयोगितेला विचारलं, "मी दिसत नव्हतो, तर त्या लोकांना सांगितलंस तरी काय?"

म्हणाली, "काय सांगणार? विहीणबाईंनी विचारलं, मुलीचे वडील कुठायत? मी म्हटलं, शोधतायत. तर त्या म्हणाल्या, आमचेही."

पत्रिका नाही, मानपान नाही... एवढ्या एका गुणावर जुळलं हो लग्न!