गाजराच्या शेडमध्ये वाजलेली घंटा

पोलीस ठाणे, स्पॉल्डिंग, इंग्लंड
दिनांक १४ मार्च २०१३

मी, विनेटा रुबेने, वय ४७ वर्षे, काम गाजरं पॅक करण्याचं, मूळ गाव वाल्मिएरा, लाटविया, सध्या राहणार स्पॉल्डिंग, ठाण्यात समक्ष हजर राहून दुभाषी बाईंमार्फत सांगते की,

गावी दुधाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं शीतयंत्रांची मेकॅनिक होते. कारखाना बंद पडला. ऑगस्ट २०११ मध्ये गुंतार्स नावाच्या आमच्याच देशाच्या एजंटाने मेकॅनिकचं काम देतो म्हणून मला इकडे आणलं. आल्यावर त्याने माझा मेकॅनिकचा दाखला पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "बाईमाणसाला मशिनीला हात कोण लावू देतंय? त्यातून तुझं इंग्रजी हे असं. गाजरं भर गुमान." तेव्हापासून मी गाजरं भरते.

शेडमध्ये आम्ही चौदा लाटवियन बायका आहोत. सुपरवायझर डॅरेन कॉलिन्स याने गाजरांच्या सरकत्या पट्ट्यावर पाटी लावली आहे, की इथे इंग्रजीच बोलायचं. आमच्या भाषेत बोललं की तो वहीत नाव लिहितो. तिसऱ्यांदा नाव आलं की काम गेलं. लघवीला जायलाही आम्हाला त्याला विचारावं लागतं, इंग्रज बायकांना लागत नाही. माझं नाव दोनदा लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा लिहिलं ते आमच्यातल्या अग्नेसेला, वय २३, तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा. मी तिच्याशी काय बोलले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

मंगळवार, १२ मार्च रोजी सकाळी दहा चाळीसच्या सुमारास शीतगृहाच्या बाजूने मला अमोनियाचा, म्हणजे शीतयंत्रातल्या विषारी वायूचा, वास आला. मी कॉलिन्सला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "आता तू मला मशीन शिकवणार? जा, गाजरं वाट बघतायत." मी पुन्हा सांगितलं. त्याने माझ्याकडे पाठ केली.

तेव्हा मी धोक्याच्या घंटेची काच कोपराने फोडली, हे कबूल आहे. घंटा वाजवली आणि लाटवियनमध्ये ओरडले, "सगळ्या बाहेर! तोंडाला ओलं फडकं लावा! वारा येतोय त्या बाजूला, गेटकडे पळा!" शेजारी वेंडी नावाची इंग्रज बाई, वय ६१, उभी होती. तिला काही कळेना. मी तिला हात धरून ओढत नेलं. बाकीच्या इंग्रज बायका आमच्या मागून आल्या. यंत्राला मी हात लावला नाही. गॅस मास्कशिवाय तिकडे जायचं नसतं.

गेटवर अग्नेसेने डोकी मोजली. एकतीस. सगळ्या होत्या.

अग्निशमन दलाला नळीचा जोड फुटलेला सापडला. त्यांचे अधिकारी कॉलिन्सला म्हणाले, की अजून दहा मिनिटं गेली असती तर ॲम्ब्युलन्स पुरल्या नसत्या. तरी कॉलिन्सने अंगणातच वही काढून माझं नाव तिसऱ्यांदा लिहिलं आणि उद्या येऊ नकोस असं सांगितलं. त्यावर वेंडी म्हणाली, "मग माझंही लिही की. वेंडी. डब्ल्यूने सुरू होतं, चुकू नकोस." तिच्या मागे बाकीच्या इंग्रज बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेक जण नाव सांगू लागली. कॉलिन्सने वही मिटली. संध्याकाळी त्याने माझ्याविरुद्ध नुकसानीची तक्रार दिली. वेंडी आता बाहेर बाकावर बसली आहे. तिलाही जबाब द्यायचा आहे.

काल यंत्र दुरुस्त करायला आलेल्या, शीतयंत्रांच्या कंपनीच्या इंजिनिअरने वास आधी कोणाला आला, असं विचारलं. वेंडीने त्याला माझ्या खोलीवर आणलं. त्याने दुभाषी बाई बोलावून माझा दाखला त्यांच्याकडून वाचून घेतला, अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाला, "दीड वर्ष मी माणूस शोधतोय, आणि ही बाई इथे गाजरं भरत होती?" त्याने मला कामावर घेतलं आहे. इंग्रजी हळूहळू येईल, असंही तो म्हणाला.

माझी कॉलिन्स आणि गुंतार्स या दोघांविरुद्ध तक्रार आहे. अग्नेसे आणि आणखी पाच जणी जबाब द्यायला तयार आहेत. आधी त्या तयार नव्हत्या.

दुभाषी बाईंनी हा जबाब मला लाटवियन भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. सोमवारी सकाळी सात वाजता मला नव्या कामावर हजर व्हायचं आहे, तरी पुढची तारीख दुपारनंतरची द्यावी, ही विनंती.

(सही) विनेटा रुबेने