लाल फितीचं टोपण

मुलगी : बाबा, तो स्वल्पविराम राहू द्या. छापखान्याचा माणूस चार वाजता येतोय, आणि आपण अजून संग्रहालयाच्या फलकाच्या तिसऱ्या ओळीवर अडलोय.

बाबा : तिसरी ओळच चुकली आहे. 'सात मिनिटे उडणारे रॉकेट-विमान' म्हणे. सात मिनिटं इंजिन चालायचं. त्यानंतर पाव तास नुसतं तरंगत खाली यायचं, घारीसारखं.

मुलगी : बरं, बदलते. 'उड्डाण होताच चाके गळून पडत आणि विमान पोटाखालच्या फळीवर उतरे.'

बाबा : फळी नाही, घसरपट्टी. फळीवर डबे ठेवतात.

मुलगी : घसरपट्टी. पुढे. 'आजची रॉकेट-विमाने मोठ्या विमानाच्या पोटाखाली टांगून उंचावर नेतात आणि तिथून सोडतात. त्यांतून हौशी प्रवासीही जातात.' यात काय चूक आहे?

बाबा : काही नाही. जाऊ देत बिचारे. पैसे जास्त झाले की माणसाला जमीन नकोशी होते.

मुलगी : शेरे नकोत. शेवटचा परिच्छेद. 'चौदाव्या उड्डाणात वैमानिक उतरण्यापूर्वी उरलेले इंधन बाहेर सोडण्यास विसरला. विमान जमिनीला टेकताच...'

बाबा : हा परिच्छेद काढ.

मुलगी : का?

बाबा : लांबलाय.

मुलगी : दोन ओळींचा आहे! सकाळपासून तुम्ही मला वेलांट्या-उकारांत फिरवताय आणि आता हे. संग्रहालयाने तुम्हाला का बोलावलं? या जातीच्या विमानांत इंधन भरणाऱ्यांपैकी दोघंच उरलेत, तुम्ही आणि मामा. मामाशी तुमचा पंचेचाळीस वर्षं अबोला. आई होती तोवर तिने निरोप पोचवले, आता मी पोचवते. मामाने हा परिच्छेद वाचून 'ठीक' म्हणून सही केली आहे. तुम्हीही करा आणि मोकळे व्हा.

बाबा : त्याने सही केली?

मुलगी : काल संध्याकाळी.

बाबा : करणारच. लंबू विसरला नव्हता.

मुलगी : लंबू कोण?

बाबा : वैमानिक. एवढा उंच की अशा विमानाच्या खोपटाएवढ्या जागेत गुडघे छातीशी घेऊन बसायचा. रेडिओवर त्याचं शेवटचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. 'टाक्या रिकाम्या केल्या, उतरतोय.' त्याने दांडा ओढला होता. बाहेर काही पडलंच नाही, आणि ते त्याला आतून कसं दिसणार?

मुलगी : का पडलं नाही?

बाबा : तुला दोन टोळ्यांचं माहीत आहे ना?

मुलगी : पांढरी आणि निळी. दोन इंधनं, एकमेकांना लागली की काडीशिवाय पेटायची. म्हणून दोन टोळ्या. पांढरे भरून, जमीन पाण्याने धुऊन शंभर पावलं लांब जाणार, मग निळे येऊन भरणार आणि तेही धुणार. कुणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. लहानपणी गोष्टींऐवजी हेच ऐकलंय मी.

बाबा : पांढऱ्यांचा मुकादम तुझा मामा, निळ्यांचा मी. पांढऱ्यांची टाकी रिकामी करायच्या तोटीत धूळ जाऊ नये म्हणून तिच्यावर टोपण असायचं, लाल फितीचं. उड्डाणाआधी पांढऱ्यांनी ते काढायचं. त्या दिवशी मी आमचं इंधन भरून वाकलो, तर फीत तिथेच लोंबत होती.

मुलगी : तुम्ही पाहिलीत?

बाबा : पाहिली. माझे हातमोजे निळ्याने ओले. हात लावला असता तर तिथेच भडका.

मुलगी : मग हाक मारायची. शंभर पावलं म्हणजे काय दुसरं गाव होतं?

बाबा : हाक तुझ्या मामाला मारायला लागली असती.

मुलगी : मग?

बाबा : आम्ही बोलत नव्हतो.

मुलगी : म्हणजे अबोला अपघातानंतरचा नाही?

बाबा : दोन आठवडे आधीचा. पाण्याची नळी गुंडाळून ठेवत नाही म्हणून त्याने मला पोरांसमोर गबाळा म्हटलं होतं.

मुलगी : नळीवरून. बाबा, नळीवरून?

बाबा : मला वाटलं, शेवटच्या फेरीला तो येणारच आहे. पांढऱ्यांचा मुकादम रोज शेवटची फेरी मारायचा. म्हटलं, येईल, स्वतःची चूक बघेल, खजील होईल. मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ढग येताहेत म्हणून इंजिन लवकर पेटवलं. आणि तो फेरी मारायला विसरला.

मुलगी : आणि चौकशीत?

बाबा : टोपण जळून गेलं. मला कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. लंबूच्या नावावर चूक लागली. तुझी आई पोटुशी होती, नोकरी गेली असती. हे कारण मी इतक्या वेळा घासलंय की आता मलाही खरं वाटत नाही.

मुलगी : उद्या उद्घाटनाला त्या वैमानिकांची मुलगी येणार आहे. अपघात झाला तेव्हा ती सहा महिन्यांची होती. ती हा फलक वाचणार.

बाबा : म्हणून तर काढ म्हणतोय.

मुलगी : नुसतं काढून भागणार आहे का? थांबा, मामाला लावते.

(ती फोनचा आवाज मोठा करून फोन शेजारी मांडलेल्या, त्याच बनावटीच्या दुसऱ्या विमानाच्या पंखावर ठेवते.)

मामा : बोल गं. आता कुठला काना राहिला?

मुलगी : मामा, बाबा इथेच आहेत. त्या दिवशी लाल फीत तोटीवर होती आणि ती त्यांनी पाहिली होती, असं म्हणताहेत.

मामा : पाहिली होती?

बाबा : त्याला विचार, शेवटची फेरी कशी विसरला.

मुलगी : बाबा, फोन चालू आहे. त्यांना ऐकू येतंय.

मामा : त्याला सांग, विसरलो नव्हतो. निघालो होतो. अर्ध्या वाटेवर दिसलं की हा विमानापाशी उभा आहे, नळी पायाशी तशीच पसरून. म्हटलं, आज याच्या बाजूने जायचं नाही. पोरांनी टोपण काढलंच असेल. आणि परत फिरलो.

बाबा : परत फिरला?

मामा : पन्नास पावलांवरून. पोरांना नंतर विचारलं, तर प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने काढलं. मी साहेबांना सांगितलं, माझ्या माणसांनी काढलं होतं.

मुलगी : आणि काल सही केलीत.

मामा : केली. सत्तरी उलटली, आता पुन्हा कशाला, असं वाटलं.

मुलगी : तुम्हा दोघांना काय म्हणावं तेच कळत नाही मला. एक हाक मारत नाही, एक पाऊल टाकत नाही, आणि मेला तिसराच. वर पंचेचाळीस वर्षं मीठ मागायला सुद्धा निरोप! आई म्हणायची, दोघांचं काहीतरी बिनसलंय, होईल नीट. ती वाट बघत गेली.

मामा : तिला सांगायला हवं होतं.

बाबा : हो.

मुलगी : मी लिहितेय, ऐका. 'तोटीवरचे टोपण काढायचे राहिले होते. वैमानिकाची चूक नव्हती.' खाली तुम्हा दोघांच्या सह्या. चालेल?

मामा : माझं नाव वर घाल. टोपण माझं होतं.

बाबा : पाहिलं मी. माझं वर.

मुलगी : आता यावरून भांडलात तर फलक कोरा लावीन!

मामा : लंबूची मुलगी उद्या येणार आहे ना, तिने हे फलकावर वाचायचं का? माणसाने आधी सांगायला नको?

मुलगी : ती आजच आली आहे. कोपऱ्यावरच्या पाहुणेघरात उतरली आहे.

मामा : मी निघतो. तुझ्या बापाला सांग, मी पाहुणेघराच्या फाटकापाशी त्याच्यासाठी थांबतो.

बाबा : थांबू नकोस. आधी पोचलास तर आत जा आणि सांगून टाक.