दिवे घालवल्यावर

शेवटची फेरी निघायची होती. गुहेच्या तोंडाशी बाकावर हेल्मेटं घालून दोघी बहिणी बसल्या होत्या. दिवसभर तेच तेच बोलून घसा बसलेली गाईड त्यांच्या मागेच भिंतीला टेकली होती.

"ताई, तू इथे आधी आलीयेस?"

"ही चौथी खेप. शेजारीण तासभर आईपाशी बसली, की येते."

"त्याच त्या दगडांसाठी?"

"दगड कोण बघतंय. आत एका ठिकाणी मिनिटभर सगळे दिवे घालवतात. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही."

"आईसाठी एखादी बाई ठेव ना."

"दोन ठेवून झाल्या. ती कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तू नेतेस का महिनाभर?"

"आमच्याकडे जिना आहे गं."

"हो. जिना आहे."

आत पोचल्यावर गाईडने नेहमीसारखे दिवे घालवले आणि मनात साठ आकडे मोजायला घेतले. चाळिसाला धाकटीचा आवाज आला.

"ताई? आहेस ना?"

पन्नासाला पुन्हा तोच आवाज.

"ताई, ओ तरी दे."

साठ झाले. गाईडचं बोट बटणावरच होतं. तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.