डब्याच्या आतला निळा

— नाही, ते बटण दाबायचं नाही. हात मागे घ्या आधी. वरच्या मजल्यावरून तुम्हाला पाठवलंय ते कळलं, परवानगीचं बटण आहे तेही कळलं, एवढी काही अडाणी नाही मी. तुमच्या त्या एआय एजंटला आत्तापर्यंत काय दिसत होतं? कॉम्प्युटरवरचे माझे डबे दिसत होते, डब्यांना जोडणाऱ्या तारा दिसत होत्या — हा डबा ढग बनवतो, पुढचा तो हलवतो, त्याच्या पुढचा रंग भरतो, आणि शेवटी रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर आभाळ उभं राहतं. बघू दे की! तारा बघायला माझी कधी ना नव्हती. पण आता म्हणे त्याला डब्याच्या आतली सेटिंग्जही वाचता येणार — ढग किती दाट, लाल किती, निळा किती. कशाला? या खोलीत एक रीत आहे, इंजिनिअरबाई, दुसऱ्याचा डबा विचारल्याशिवाय उघडायचा नाही. शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्यानं एकदा माझा धुक्याचा डबा उघडून 'जरा नीट केला', आणि प्रयोगात नायिका गळ्यापर्यंत धुक्यात बुडाली. नुसतं मुंडकं गात होतं! तेव्हापासून तो मला विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा सरकवत नाही.

काय? बदलणार काही नाही, नुसतं वाचणार? अहो, वाचणं कधी नुसतं असतं का? आमच्या सासूबाईही माझा फ्रीज उघडून नुसत्या बघायच्या. — हो, मदत होते, मान्य आहे. मागच्या नाटकात निसटलेली तार त्यानंच शोधून दिली, मी तर डोकं धरून बसले होते. पण आतले आकडे म्हणजे माझा हात आहे हो. थांबा, दाखवतेच — मी माझ्या हातानं उघडून दाखवते, ते वेगळं. हे नव्या नाटकातलं समुद्रावरचं आभाळ. हा रंगाचा डबा. हा निळा. — अशा का बघताय? जास्त आहे? असेल! ती माझी शैली आहे. समीक्षकांनी लिहिलंय, 'या बाईंचं निळं आभाळ' म्हणून. — जुन्या नाटकात इतका नव्हता? जुनी फाइल कोणी उघडायला सांगितली तुम्हाला? बंद करा ती. बंद करा म्हटलं ना.

हे? काही नाही, चष्म्याची काच तडकलीय, म्हणून पट्टी लावलीय. — तडकलेली दिसत नाही? बरंच दिसतं हो तुम्हाला! मग ऐकाच. या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला गेल्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, आता बघा कसं लख्ख दिसतंय. दिसलं ना! इथे येऊन माझं आभाळ लावलं. उजव्या डोळ्यानं बघितलं — उन्हं कललेली, ऊबदार, हवं होतं अगदी तसं. मग डाव्यानं बघितलं. निळंशार, गारठलेलं, शवागारासारखं. मोतीबिंदू पिवळसर असतो म्हणे, हळूहळू चढतो, आपल्याला पत्ता लागत नाही — आणि मी तो पिवळा मारायला निळा ओततेय, दर नाटकाला थोडा जास्त. शैली म्हणे! तेव्हापासून नवा डोळा झाकून जुन्यानंच काम करते. नवा सांगतो ते मला ऐकायचंच नाही. आणि तुमचा एजंट काय करेल? सगळ्या नाटकांचे आकडे एका रांगेत मांडेल आणि म्हणेल, निळा सतत वाढत गेला आहे, कारण तपासावे.

तपासा ना! मी घाबरते की काय? — घाबरते. पण म्हणून तो निळा चूक ठरत नाही. मागच्या नाटकात त्या निळ्या आभाळाखाली बाप मुलीला सोडून जायचा, तेव्हा अख्खं थिएटर रडायचं, डोअरकीपर तर रोज रडायचा, पाठ झालेला प्रवेश बघून रडायचा. त्या सगळ्यांना मोतीबिंदू होता का? नव्हता ना? मग त्यांना दिसलं ते खोटं कसं? ते मी केलंय, माझ्या डोळ्यानं, खराब तर खराब. तुमचा एजंट दुरुस्ती सुचवणार, वरचे साहेब मान डोलावणार, आणि माझं आभाळ चार लोकांच्या आभाळासारखं होणार. मग या खोलीत मी कशाला हवी?

तुमचे डोळे चांगले आहेत ना, दोन्ही? मग इकडे या. आकड्याकडे नका बघू, भिंतीवरच्या पडद्याकडे बघा. कसं दिसतंय? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही. — वाटेल, पण सांगा. — सुंदर आहे की नाही? — माझ्या पट्टीकडे काय बघताय, आभाळाकडे बघा ना हो.

— नको. राहू दे. काही सांगू नका. वर जाऊन एवढंच सांगा, बाई नाही म्हणाल्या. आणि जाताना दार ओढून घ्या, पडद्यावर उजेड येतोय.